अण्णा सूत्रं सोपवतात

कोल्हापूर भागात फाउंड्रीचा मालक साठी उलटली की निवृत्त होतो. कुणी विचारलंच तर "आता सगळं पोरगंच बघतंय, मी आपला नावाला" असं सांगतो. सांगतो तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात आणि तो शिरोलीच्या कारखान्याच्या गेटवर उभा राहून पहिल्या पाळीला कोण उशिरा आलं ते बघत असतो. या माणसाला आपण अण्णा म्हणू. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत असं सगळं धरलं तर अण्णा किती निघतील सांगता येत नाही, पण लग्नसराईत एका मांडवात डझनभर सहज भेटतात. सगळे निवृत्त.

अण्णांच्या वडिलांनी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडखाली ऑइल इंजिनं दुरुस्त केली, मग त्यांचे सुटे भाग ओतायला घेतले. भंगार लोखंड ते सायकलवरून आणत. अण्णांना कॉलेजात असतानाच राजदूत मोटारसायकल मिळाली होती, तरी सायकलची गोष्ट ते स्वतःचीच म्हणून सांगतात. जमीन, यंत्रं आणि गिऱ्हाइकं यांच्याबरोबर कष्टही वडिलोपार्जित आले असावेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोरांना समोर बसवून ही गोष्ट होते आणि दर दिवाळीला सायकल थोडी लांब जाते. सध्या ती निपाणीपर्यंत पोचली आहे.

वारस घडवायचं काम मात्र अण्णांनी बारशापासून हाती घेतलं. पाळण्यातल्या बाळाच्या नावे शेअर झाले. अज्ञान मुलाचं उत्पन्न कायद्याने आईबापाच्याच उत्पन्नात धरलं जातं, त्यामुळे त्या पोराच्या वयात येण्याकडे सर्वांत जास्त डोळे कुणाचे लागले असतील तर सीएंचे. अठराव्या वाढदिवसाला पहिला फोन त्यांचाच आला. आजीचा दुसरा.

घरी लाडावेल म्हणून शाळा पाचगणीची. आणि तिथे हाल होतील म्हणून दर पंधरवड्याला मटणाचं लोणचं, चकल्या आणि आजी घेऊन इनोव्हा घाट चढायची.

पुढच्या शिक्षणाला इतिहासाचा आधार होता. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेत एमआयटीला शिकून 1926 मध्ये पदवीधर झाले आणि परत येऊन किर्लोस्करवाडीत कामाला लागले. बाबा कल्याणीही एमआयटीतच शिकले आणि 1972 मध्ये भारत फोर्जमध्ये आले. तेव्हा आपलाही एमआयटीलाच जाणार, असं अण्णांनी ठरवलं आणि गेलाही. कोथरूडच्या. पाहुण्यांना सांगताना अण्णा 'कोथरूड' गाळतात, आणि त्यात खोटं काहीच नाही. वर इंग्लंडात वर्षभराची मास्टर्स झाली. तिथून चिरंजीव एक लांब कोट आणि 'प्रोसेस' हा शब्द घेऊन आले. कोट कोल्हापुरात वापरता आला नाही.

मग खरं शिक्षण सुरू झालं. "धंदा खालपासून शिकला पाहिजे," हे अण्णांचं ब्रीद. म्हणून चिरंजीवांना, म्हणजे कारखान्यातल्या दादांना, वाळूच्या विभागात मोल्डिंगवर घातलं. पगार पंधरा हजार, पैशाची किंमत कळावी म्हणून. गाडी, पेट्रोल, फोन आणि पुढे मालदीवचा हनिमून कंपनीच्या खात्यावर, त्यामुळे पंधरा हजार महिन्याअखेरीस जसेच्या तसे शिल्लक राहत. पोरगं काटकसरी निघालं, असं अण्णा कौतुकाने सांगत.

आता हे 'खाली' म्हणजे काय, ते पाहायला हवं. दादा शेडमध्ये आले की कुणीतरी खुर्ची पुसून ठेवी. पंखा त्यांच्याकडे वळे. त्यांनी वाळू ठोकायला हात घातला की मेस्त्री धावत येत, "ऱ्हाऊ द्या दादा, कापडं खराब व्हतील." एकदा दादांनी आपल्या बुद्धीने वाळूतल्या पाण्याचं प्रमाण वाढवलं. फाउंड्रीत ज्याने महिना काढलाय त्याला पुढचं कळलं असेल. चौदाशे अंशांचा रस ओल्या वाळूत पडला, वाफ कोंडली आणि सगळ्या कास्टिंगला ब्लोहोल पडले. दादांनी विचारलं, "कसं आलंय?" मेस्त्री म्हणाले, "एक नंबर!" आणि तो सगळा लॉट रात्रपाळीच्या हीटमध्ये गुपचूप वितळवून टाकला.

लोखंडाच्या धंद्याची ही सोय मोठी आहे. चूक परत भट्टीत जाते, तिचा पुन्हा रस होतो, मागे राहतं ते फक्त विजेचं बिल. असल्या घरांतली पोरं लाडाने बिघडतात असं लोक म्हणतात, ते मला तितकंसं पटत नाही. लाड तर बँकेतल्या कारकुनाच्या घरीही होतात. पण त्याच्या पोराचा वाया गेलेला माल रात्रीत वितळवून ठेवायला चाळीस माणसं नसतात. दादांना स्वतःची एकही चूक बघायला मिळाली नाही, आणि मेस्त्रींचा तरी काय दोष? त्यांना पुढची वीस वर्षं याच दादांकडे उचल मागायची होती.

मधल्या काळात दादा मुंबईला एस. पी. जैन संस्थेत जाऊन आले. घरच्या धंद्याच्या वारसांसाठी तिथे खास अभ्यासक्रमच आहे. तिथे त्यांना कळलं की जीएमआर समूहाच्या राव कुटुंबाने आपली कौटुंबिक घटना लिहून काढली आहे: कोण कधी येणार, कोण कधी बाजूला होणार, सुना-जावयांचं काय, भांडण झालं तर काय. दादांनी उत्साहाने आपल्या घरासाठीही मसुदा केला. अण्णांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, एक शब्दही खोडला नाही, "झ्याक लिवलंय" म्हणाले आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'वरील सर्व अण्णांच्या हयातीनंतर.'

दादांना स्वतंत्र निर्णय घेता येत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. कॅन्टीनचा रंग, वेबसाइट, दिवाळीला मिठाई द्यायची की डबे, गणपतीची वर्गणी ही खाती पूर्णपणे त्यांच्याकडे आहेत.

ताईंचं जरा वेगळं आहे. दादांची थोरली बहीण. कुणाचं पेमेंट किती दिवसांनी येतं, कोणतं गिऱ्हाईक मार्चमध्ये फोन उचलत नाही, जीएसटीचं रिटर्न कुठे अडलंय, हे सगळं तिच्या डोक्यात. 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, हे अण्णांना ठाऊक आहे, म्हणूनच तर एका भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलेलं होतं. ताईने ते वाचलं, दुसऱ्या पानावरचा गट नंबर चुकलाय हे दाखवलं आणि दुरुस्तीला परत दिलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा तिने चतुःसीमा चुकलेली दाखवली. सही अजून व्हायची आहे. माझ्या मते त्या घरात धंदा शिकलेलं माणूस एवढंच.

एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो. ही मुदत प्लॉटला नसून आपल्या खुर्चीला आहे, असा अण्णांचा समज दिसतो. मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये शंतनुरावांनी उभी केली." अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे तवा ते तेचाळीसचे. आमचा अडतीसचा हाय. गडबड काय हाय?"

तरी गेल्या पाडव्याला अण्णांनी सूत्रं सोपवली. केबिनवर दादांच्या नावाची पितळी पाटी लागली, पेढे वाटले, कामगारांना टॉवेल-टोपी मिळाली. इंटरनेट बँकिंगमध्ये पैसे पाठवायची नोंद दादाच करतात. ओटीपी तेवढा अण्णांच्या फोनवर येतो. दर रविवारी अण्णा जोतिबाच्या डोंगरावर असतात आणि तिथे रेंज नसली की ते खाली उतरेपर्यंत पेमेंट थांबतं. चेकवर सही अण्णांचीच चालते, दादांच्या सहीचा नमुना बँकेने अजून घेतलेला नाही.

कर्जाचं तसं नाही. कंपनीच्या कर्जाला बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या हमीपत्रावर दादांची सही वयाच्या एकविसाव्या वर्षापासून आहे.