तक्तेनवीस

त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम अंगास, गुजरातच्या सरहद्दीलगत वसलेल्या हरसूल गावी तलाठी, ग्रामसेवक आदि सरकारी अंमलदारांखेरीज एक बिनपगारी अंमलदार अलीकडे उदयास आले असून, कोणाचा हुकूम नसता आणि कोणाची तक्रार न जुमानता, समोर येईल त्या वस्तूचे छायाचित्र काढून कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी त्याचा जुन्या शाळेच्या भिंतीवर शोभावा असा सचित्र तक्ता बनवून घेणे व तो भल्या पहाटे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुजू करणे, हे कार्य ते निष्ठेने पार पाडीत असतात. २०२५ च्या ऑगस्टात गूगलचे 'नॅनो बनाना' हे चित्रे घडविणारे यंत्र अवतरले आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या चित्रांतून देशभरच्या तरुणी जुन्या सिनेमातील नायिकांप्रमाणे तलम साड्यांत झळकू लागल्या, तेव्हा आमच्या तक्तेनवीसांनी तो मोह कटाक्षाने टाळून थेट नागलीच्या भाकरीस हात घातला. पिवळट कागद, विटका तांबडा रंग, कडेने वेलबुट्टी, आणि पापुद्र्यापासून करपल्या डागापर्यंत सर्वत्र रोखलेले बाण!

यंत्र देवनागरी लिहीत नाही, रंगवते. त्यामुळे जोडाक्षरांची जी वाताहत होते तीस तक्तेनवीस 'त्या काळचे शुद्धलेखन' म्हणतात. राब भाजतानाच्या धुराकडे बाण करून यंत्राने 'ज्वालामुखी' लिहिले, ते गावाने हसून सोडून दिले. परंतु आवणीच्या वेळी इरले पांघरून चिखलात वाकलेल्या एका बाईस जेव्हा त्याने 'कासव' ठरविले, तेव्हा तिने भर बाजारात तक्तेनवीसांचा जो पंचनामा केला, त्याचा तक्ता अद्याप निघालेला नाही.

माणूस मनाचा वाईट नव्हे. चालू घडीच्या वस्तूस कोणी विचारीत नाही, ती साठ-सत्तर वर्षे मागे ढकलली म्हणजे मात्र तिच्यापुढे माना आपोआप लवतात, हे त्यांनी अचूक हेरले आहे, आणि त्यात खोट काढणे कठीण. परवा त्यांनी खुद्द तीर्थरूपांचाच तक्ता काढला : 'कष्टकरी शेतकरी, शरीररचना'. म्हातारबांनी चष्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "समदं बेस हाय रं, पर दुखऱ्या गुडघ्याचा बाण डाव्या पायाला लावलास. दुखतो तो उजवा." तक्तेनवीसांनी तत्काळ दुरुस्तीचे फर्मान सोडले, यंत्राने बाण जागच्या जागी ठेवून दोन्ही पाय डावे करून दिले.