आठवं टेबल

15 जून जवळ आला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये लगीनघाई सुरू होते. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, व्हरांड्यात फुगे, एखाद्या पाड्यावर सजवलेली बैलगाडी आणि पाऊस वेळेवर आलाच तर तिच्यावर घाईघाईने ओढलेलं मेणकापड. नवरदेव सहा वर्षांचा असतो आणि त्याला कोणी काही विचारलेलं नसतं, एवढाच काय तो फरक. पणजोबांच्या काळात तोही नव्हता. त्याच्या मुठीत गुलाबाचं फूल कोंबतात, तळपायाला रंग लावून कागदावर ठसा घेतात आणि मग पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत तो रंगलेला पाय अधांतरी धरून देठाचे काटे मोजत उभा राहतो. ही गणनपूर्व तयारी मात्र कुठल्याच कागदावर नोंदली जात नाही.

बाकीची नोंदली जाते. ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान राज्यात 2022 पासून चालू आहे. एप्रिलमध्ये एक मेळावा, जूनमध्ये दुसरा आणि मेळाव्यात सात टेबलं: नोंदणी, मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषा विकास, गणनपूर्व तयारी, शेवटी पालकांना मार्गदर्शन. हेतू चांगलाच आहे. आयांचे गट करून घरातल्याच वस्तूंनी निवडण्या-मोजण्याचे खेळ खेळायला सांगणं तर फारच शहाणपणाचं. निदान या गृहपाठात डाळ तरी निवडून होते. माझी तक्रार आहे ती बसण्याच्या व्यवस्थेबद्दल. टेबलापलीकडे खुर्चीत शाळा आणि अलीकडे उभं पोर, म्हणजे तयारी कोणाची तपासायची हे आधीच ठरलेलं. अनोळखी माणसांचा घोळका बघून पोर आईच्या पदराआड गेलं की सामाजिक-भावनिक टेबलावरचं पेन थबकतं. माझ्या मते अशा पोराची समज वयाच्या मानाने पुढे आहे.

पहिल्या दिवसाची धास्ती कशाने जाते याचा पुरावा खुद्द मुरबाड तालुक्यात आहे, फक्त त्यातले विद्यार्थी सहा वर्षांचे नाहीत. फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी 60 ते 90 वर्षांच्या. शाळेची वेळ दुपारी 2 ते 4, म्हणजे भांडीकुंडी उरकल्यावर. गणवेश गुलाबी नऊवारी. रंग नवा, पण नेसण जन्मभराच्या सवयीची. शिकवायला गावातलीच सून, वर्गात सोबतीला शेजारणी, आणि शिकायचं ते पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून. कोणी त्यांना एका पायावर उडी मारायला लावलं नाही की रंगीत मणी वेगळे करायला सांगितलं नाही. जन्मभरात पाटी हातात न धरलेल्या बायका दप्तर खांद्याला अडकवून निघाल्या, कारण त्यांच्या वाटची तयारी शाळेने केली होती. तसं यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला 2014 साली, आणि तो धडाही बहुधा त्याच्याच वाटणीला गेला.

यावर कोणी म्हणेल, आज्या स्वखुशीने आल्या, पोरांचं तसं नाही. अगदी बरोबर. आजीला कंटाळा आला तर गुडघे दुखतात म्हणून घरी बसता येतं. सहा वर्षांच्या पोराचं पोट दुखलं तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याशी जास्त जुळवून घ्यायचं की कमी? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दोन शिक्षक, चार इयत्ता आणि रोज नवीन माहिती मागणारा मोबाइल, त्यात हे जुळवून घेणं कधी करायचं? खरंय. पण ज्यांना तयारीची सर्वांत जास्त गरज, ती मुलं सातही टेबलांना चुकतात त्याचं काय? कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलच्या मेळाव्यात त्यांचं पोर यादीवर असतं आणि अंगाने भट्टीवर. जूनमध्ये येतं तेव्हा आईबाप भाताच्या पेरणीत, मग शाळेच्या दारापर्यंत सोडायला येते ती आठ वर्षांची ताई, कडेवर आणखी एक घेऊन. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या, त्या काही कागद कमी होते म्हणून नव्हे.

तेव्हा जादा काम नको, एक जादा टेबल मांडा. आठवं. इथे खुर्चीत पोर बसेल आणि समोर मुख्याध्यापक उभे राहतील. नळ उघडला की पाणी येतं का? (भातसा आणि तानसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आणि पाणी बिनचूक पोचतं मुंबईला, तेव्हा प्रश्न सोपा नाही.) संडासाची आतली कडी माझ्या हाताला पोचते का? घरी मला कोणत्या नावाने हाक मारतात? मला शू लागली हे मी माझ्या बोलीत सांगितलं तर कळेल ना? आई दाराशी किती वेळ बसलेली चालेल? पहिल्या फेरीत बऱ्याच शाळा अडखळतील. हरकत नाही, पहिलीत आपण कोणाला नापास करत नाही, त्याच नियमाने त्यांनाही वर ढकलावं आणि जूनच्या मेळाव्याला पुन्हा बोलवावं, पालकांना घेऊन. त्यांचे पालक पंचायत समितीत बसतात.