पहिला घोट पाजणारा

पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात हा गृहस्थ हमखास भेटतो. वय चाळिशीच्या आसपास, पोट बेताचं सुटलेलं, दाढी मुद्दाम राखलेली, टी-शर्टावर हॉप्सच्या बोंडाचं चित्र. एके काळी हाच माणूस परमिट रूममध्ये खारे शेंगदाणे आणि मसाला पापडावर दोन स्ट्राँग ढोसून सुखाने घरी जायचा. 2009 साली पुण्यात डूलॅली सुरू झाली, पाठोपाठ इतर मायक्रोब्रुअऱ्या आल्या आणि याच्या जिभेला शिंगं फुटली. आता त्याला बिअर प्यायची नसते, पाजायची असते. तीही आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. आणि तीही अशा माणसाला, ज्याने ती आजवर तोंडाला लावलेली नाही.

आम्ही मित्र त्याच्या काही कामाचे उरलो नाही. आम्ही कधीच बाटलो. त्यामुळे सावज नात्यातून शोधावं लागतं. मध्यंतरी त्याचे कराडचे साडू लग्नाला आले होते, ते सापडले.

“साडूभाऊ, तुमची ती स्ट्राँग-बिंग आज विसरा.”

वेटरने फ्रीजरमधून काढलेला मग आणला. याने तो तसाच परत पाठवला. “फार गार केली की वास मरतो!” बाहेर मे महिना. साडू त्या मगाकडे तो आत जाईपर्यंत बघत राहिले. मग ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास आला. तांबूस, किंचित गढूळ बिअर, वर दोन बोटं फेस. साडूंनी ग्लास उचलला तर याने मनगटच धरलं.

“थांबा! आधी वास घ्या. काय येतोय?”

“बिअरचा.”

“तसं नाही हो. पपनस? कैरी? पाइनची राळ?”

पाइनशी याचा संबंध फरशी पुसायच्या बाटलीपुरता. पण बोलतो असा, की जणू बालपण देवदारांत गेलं.

साडूंनी घोट घेतला. याने खुर्ची पुढे ओढली. हीच ती घटका, जिच्यासाठी एवढा खटाटोप. आधी साडूंच्या भुवया वर गेल्या. मग डावा डोळा बारीक झाला. गाल आत ओढले गेले, जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा आवाज आला, आणि आता संपलं असं वाटत असतानाच मागून दुसरी लाट आली. ती थेट कानापर्यंत.

“अहो, हे काडेचिराईत आहे की काय?”

झालं! महिनाभर बॉसची बोलणी खाल्ल्याचं सार्थक झालं. याचा स्वतःचा पहिला घोट केव्हाच सरला, तो काही परत मिळत नाही. म्हणून हा दुसऱ्यांच्या तोंडून पितो.

मग प्रवचन. नेहमीच्या लागरचा कडूपणा आयबीयूच्या मापात दहा-वीसच्या घरात, आयपीएचा चाळीस ते सत्तर. डबल आयपीए त्याच्याही वर, आणि अल्कोहोल आठ टक्के. “आठ तर आमच्या स्ट्राँगमध्येही असतंय की,” साडू म्हणाले. ते त्याने ऐकलं नाही. हॉप्स उकळताना घातले की कडूपणा उतरतो, आंबवताना घातले की वास. वेल असते हॉप्सची, गांजाच्याच कुळातली. इथे मात्र साडूंनी ग्लासाकडे प्रथमच आदराने पाहिलं.

“मग त्यानं वेगळी चढते का?”

“छे, छे!”

आदर संपला.

दुसरा ग्लास येईपर्यंत इतिहास. लंडनच्या हॉजसनने ही बिअर खास हिंदुस्थानसाठी काढली, कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासात साधी बिअर नासायची म्हणून हॉप्स वाढवले, वगैरे. हे तो डोळे मिटून सांगतो. कथा निम्मीच खरी आहे. हिंदुस्थानात धाडायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, हे कबूल. पण फिकट बिअर इंग्लंडात हॉजसनच्या आधीपासून होती, आणि काळी पोर्टरही इथे धडधाकट पोचत होती. गोरे सोजीर तीच पीत. हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत त्या गोदीपासून जवळ, आणि जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीच्या उधारीवर माल द्यायचा. म्हणजे एवढ्या थोर पेयाच्या मुळाशी मोक्याची जागा आणि उधारी! पुढे 1820च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉपने त्याचा बाजार खाल्ला. पण हे याला सांगू नये. सांगणाऱ्याला तो पुन्हा बोलावत नाही.

“बर्टनच्या पाण्यात मुळातच जिप्सम,” त्याची गाडी पुढे सरकली, “त्यानं कडूपणाला धार येते. आता ब्रुअर लोक पाण्यात जिप्सम मुद्दाम घालतात.”

“जिप्सम? ज्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस करतात ते?”

“तेच.”

“गणपतीच्या मूर्तीचं?”

टेबलावर शांतता पसरली.

खरी पंचाईत पुढे झाली. अर्धा ग्लास संपेपर्यंत साडूंची जीभ सरावली. ती सरावतेच. “आता बरी लागायला लागली,” म्हणत त्यांनी उरलेली दोन घोटांत संपवली आणि तोंड अगदी सरळ ठेवलं. याचा चेहरा पडला. सावज हातचं गेलं! त्याने घाईघाईने डबल आयपीए मागवली, सोबत मिरचीची भजी. ही खास त्याची चाल. कडू बिअरवर तिखट दुप्पट झोंबतं. साडूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तेव्हा कुठे याचा जीव भांड्यात पडला.

त्याचे गुणही सांगायला हवेत. तो गाडी घेऊन येत नाही, रिक्षाने येतो. कुणी खरंच नको म्हटलं तर आग्रह करत नाही, लिंबूपाणी मागवतो. आणि सहाशे-सातशे रुपयांना दोन ग्लास झाले, तरी बिलाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. पुण्यात हे दुर्मीळ आहे. तेव्हा बोलावणं आलं तर जरूर जा, भजीला हात लावू नका, आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायला विसरू नका. नाही झालं आपोआप, तर मुद्दाम करा. पैसे तो त्याचेच देतोय.