निघूभाऊ

निघूभाऊ ‘चला, निघतो’ म्हणाले, की यजमानीण चहाचं आधण ठेवते. उंबऱ्यात उभं राहिल्यावर त्यांना जे विषय सुचतात, ते आत बसून कधीच सुचत नाहीत. ही जात इंग्लंडात स्लाउपासून मिल्टन कीन्सपर्यंत, मराठी माणसं आहेत तिथे सगळीकडे आढळते. पण तिचं खरं तेज पाहायचं, तर चार जोडप्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या, कालव्यातल्या नॅरोबोटीच्या शेवटच्या सकाळी.

ही बोट म्हणजे सत्तर फूट लांब आणि सात फुटांहूनही अरुंद असा लोखंडी बोळ. त्यात आठ माणसं, आठवडाभर. समोरून कुणी आलं, की दुसऱ्याने अंग चोरून बिछान्यात शिरायचं. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, त्यामुळे कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई काठाकाठाने मागून येतात आणि हात हलवत पुढे निघून जातात. गुरुवारपर्यंत कोण घोरतं, कुणाच्या पोह्यांत मीठ कमी असतं आणि अंघोळीत टाकीतलं पाणी कोण संपवतं, हे सर्वांना कळलेलं असतं.

पाणी संपवणारे अर्थातच निघूभाऊ. कालव्याच्या लॉकची झडपं उघडायला विंडलास (हातातला दांडा) फिरवायची वेळ आली, की त्यांची पाठ धरते. टिलर (सुकाणूचा दांडा) मात्र सुटत नाही. टिलर डावीकडे लोटला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं, हे सोमवारी ते सगळ्यांना समजावतात आणि मंगळवारी स्वतः काठावरच्या झुडपात घुसतात. पॉन्टकसुल्टेच्या जलसेतूवर (नाव वेल्श, उच्चार दरडोई वेगळा) बोट 126 फूट उंचीवरून जाते, आणि एका बाजूला कठडाच नाही. बायका डोळे मिटून आत बसलेल्या असतात, आणि निघूभाऊ मागून सेतू बांधणाऱ्या टॉमस टेलफर्डचं चरित्र सांगत असतात. सेतू 1805 साली खुला झाला, हे एव्हाना सगळ्यांना पाठ. त्या कामात विल्यम जेसपही होता, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही.

शनिवारी नऊला बोट ट्रेव्हरच्या धक्क्यावर परत द्यायची असते. साडेआठला सात माणसं बॅगांसकट काठावर उभी. प्रत्येकाच्या मनात फक्त आपल्या घरचं बाथरूम. निघूभाऊ अजून आतच, एकेक कप्पा उघडून बघताहेत. मग उरलेल्या सामानाची वाटणी. “वहिनी, हे कांदे तुम्ही घ्या.” “नको भाऊजी, तुम्हालाच होतील.” अर्धा किलो कांदे तीन डिक्क्या फिरून पुन्हा काठावरच्या बाकावर येतात. डिझेलच्या हिशेबाचं कुणी काढलं, की “अरे, मित्रांत कसले पैसे!” एवढं बोलून ते दुसरा विषय काढतात. डिझेल दुसऱ्याने भरलेलं असतं.

आणि मग त्यांचा गळा दाटतो. हे नाटक असतं तर सोपं होतं. पण डोळ्यांत खरंच पाणी असतं. आठवडाभर धुसफुसणाऱ्या वहिन्या विरघळतात. “यांच्याबरोबर पुन्हा पाऊल टाकणार नाही,” असं ज्याने बुधवारी रात्री पडद्याआड बायकोला शपथेवर सांगितलं, तोच “पुढच्या वर्षी नक्की” म्हणून मोकळा होतो. बायको त्याच्याकडे बघते. तो टेलफर्डच्या सेतूकडे बघतो.

बोटयार्डची मुलगी बादली घेऊन ताटकळते आहे. दुपारी पुढचं गिऱ्हाईक येणार. इंग्रजी सभ्यतेमुळे ती घड्याळाकडे बघत नाही. पाण्याची नळी सोडते.

त्यानंतर मिठ्या, ग्रुप फोटो, एकाचे डोळे मिटलेत म्हणून दुसरा ग्रुप फोटो, आणि गाडीच्या खिडकीत कोपर टेकून मुलाच्या नोकरीची चौकशी. शेवटी गाड्या सुटतात. पण दक्षिणेकडे जायचा रस्ता सगळ्यांचा एकच, आणि निरोपाच्या नादात चहा तीनदा झालेला. तासाभराने एम 54 वर टेलफर्डच्या सर्व्हिसेसमध्ये (गावाला नाव त्याच टॉमसचं) चारही गाड्या एकामागून एक शिरतात. टॉयलेटच्या वाटेवर तिघे पुरुष एकमेकांची नजर चुकवत झपाझप चालतात.

निघूभाऊ हात पसरून समोर उभे.

“बरं झालं भेटलात! ते कांदे माझ्याच डिक्कीत आलेत.”