पेटीशास्त्री

लंडनच्या आसपास नोकरी करणाऱ्या मराठी मुलांचे वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, त्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिले कोथिंबिरीच्या जुडीची किंमत रुपयांत काढून हळहळतात. त्यांच्यावर बरंच लिहून झालंय. दुसरे पेटीशास्त्री.

पेटीशास्त्री बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. राज्य लॉटरीचं एक तिकीट त्याने जन्मात घेतलेलं नसतं. शेअर म्हणजे त्याच्या लेखी पत्त्यांचा क्लब. पैसे मुदत ठेवीत, आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा मिळतो म्हणून साठाव्या वाढदिवसाची वाट केकसाठी नाही, त्या अर्ध्या टक्क्यासाठी पाहिलेली. असा हा गृहस्थ सुनेने टीव्हीसमोर बसवला, चॅनल फोरवर ‘डील ऑर नो डील’ लागलं, आणि घराचा चहा कायमचा सव्वाचारला बांधला गेला.

खेळात अक्कल लागत नाही, हीच त्याची गंमत. बावीस लाल पेट्या, आत एक पेनीपासून अडीच लाख पौंडांपर्यंतचे आकडे. खेळाडूच्या वाट्याला आलेली पेटी शेवटपर्यंत बंद. बाकीच्यांपैकी आधी पाच उघडायच्या, मग तीन-तीन. दर फेरीनंतर टेबलावरचा जुना काळा फोन वाजतो आणि पलीकडचा ‘बँकर’ त्या बंद पेटीचा भाव सांगतो. घ्या, नाहीतर खेळा. बँकर कधीच दिसत नाही.

“आमचं झोनल ऑफिस असंच होतं,” पेटीशास्त्री म्हणतात, आणि त्या क्षणापासून ते बँकरच्या बाजूचे.

गॅसबिलाच्या पाकिटामागे रकाने आखलेले असतात. डावीकडे निळे आकडे, साडेसातशेपर्यंतचे. उजवीकडे लाल, हजारापासून पुढचे. उडालेल्या आकड्यावर काट, शेजारी वेळ. समोरची बाई नातीचा वाढदिवस म्हणून सतरा नंबर राखून ठेवते, तेव्हा ते कपाळाला हात लावतात. “काय ही अंधश्रद्धा! एवढा पुढारलेला देश!” आणि पुढच्याच श्वासात, “आज मंगळवार. नऊ मंगळाचा. नऊ नको उघडू गं बाई.” बाई नऊ उघडते. आत पाच पौंड. म्हणजे तिच्या दृष्टीने उत्तमच, कारण बारकी रक्कम गेली. पेटीशास्त्री पाकिटावर काट मारतात आणि नवव्या पेटीचा विषय पुन्हा काढत नाहीत.

मुलगा आकडेवारीतला. तो सांगून पाहतो की बावीस आकड्यांची सरासरी २५,७१२ पौंड येते. उरलेल्या आकड्यांची सरासरी काढत राहा, बँकरच्या भावाशी ताडा, संपलं. सुरुवातीचे भाव सरासरीच्या खूप खाली असतात, शेवटी शेवटी तिच्या जवळ येतात. हे मात्र वडिलांना तात्काळ कळतं. “पहिल्याच फोनला बाई समाधानाने घरी गेली, तर जाहिराती कुठे लावतील?” चाळीस वर्षं काउंटरपलीकडे बसल्याचं ज्ञान वाया जात नाही.

शेवटी दोनच पेट्या उरतात आणि कधीकधी अदलाबदलीची मुभा मिळते. मग मुलगा माँटी हॉलच्या त्या प्रसिद्ध तीन दारांवर येतो. तिथे सूत्रधाराला बक्षीस कुठे आहे ते माहीत असतं, तो मुद्दाम रिकामं दार उघडतो, म्हणून दार बदललं तर जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. इथे कुणालाच काही माहीत नाही, म्हणून बदला किंवा बदलू नका, निम्मं-निम्मं. वडील शांतपणे ऐकून घेतात. “म्हणजे माँटीने फाइल आधीच पाहिलेली. ते प्रकरण ऑडिटकडे द्यायचं. आपलं हे स्वच्छ आहे.”

स्वच्छ आहे म्हणूनच ते बिनधास्त असतात. समोर पन्नास हजार आणि दहा पेन्स उरलेले, बँकर अठरा हजार देऊ करतो, बाई रडवेली. सोफ्यावरून गर्जना होते, “नो डील! खेळ!” आतून काकू चहा घेऊन येतात. “पंखा घ्यायला तीन दुकानं आणि दोन रविवार लागले होते यांना. दुसऱ्याच्या पैशावर बघा कसे वाघ होतात.”

वाघ होतात हे खरं, पण तिथे उभे असलेलेही काही कमी नसतात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेत याच खेळात उतरलेल्या १५१ खेळाडूंचे निर्णय तपासून २००८ साली निबंध लिहिला. मोठे आकडे पटापट उडालेला माणूस नुकसान भरून काढायला आणखीच धाडस करतो, असं त्यात दिसतं. एका डच खेळाडूकडे दहा हजार आणि दहा युरो उरले होते. सरासरी पाच हजार पाच, बँकर देत होता सहा हजार. त्याने नाही म्हटलं आणि दहा युरो घेऊन घरी गेला. हा किस्सा मुलाने ऐकवला तेव्हा पेटीशास्त्रींनी पाकीट खाली ठेवलं. “मी पहिल्या फोनलाच उठलो असतो,” ते म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

चॅनल फोरवरचा कार्यक्रम २०१६ साली बंद झाला. २०२३ मध्ये आयटीव्हीने तो नव्याने आणला. पेट्या बावीसच, फोन आहे, बँकरही आहे; फक्त सगळ्यात मोठं बक्षीस अडीच लाखांवरून एक लाख पौंडांवर आलं. पुढच्या व्हिसावर आलेल्या पेटीशास्त्रींनी पहिला भाग पाहिला, चष्मा पुसला आणि निकाल दिला, “थकीत कर्जं वाढलेली दिसतायत. मॅनेजर बदलायला हवा.”