सातबाऱ्यावरचे शेतकरी

नैसर्गिक शेतीच्या परिषदेत हे गृहस्थ लांबूनच ओळखू येतात. रोज शेतात राबणारा माणूस मागे पंखा बघून बसतो. हे पहिल्या रांगेत, पायात ट्रेकिंगचे बूट, मांडीवर कोरी करकरीत वही. बँकेतून निवृत्त. पीककर्जाच्या फायली तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, 'आधी ताजा उतारा आणा' म्हणून कैक शेतकऱ्यांना दारातून परत पाठवलं. आता वडिलांच्या पश्चात साताऱ्याकडच्या एका गटात स्वतःचं नाव लागलंय. हिस्सा २० गुंठे, आणि उताऱ्यावर सोबतीला सगळी भावकी. तरी नोंदणीच्या टेबलावर 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'शेतकरी' असं लिहिलं, ते चेकवरच्या सहीपेक्षा ठसठशीत.

पहिलंच सत्र जीवामृताचं. वक्ते सांगत होते आणि साहेब उतरवून घेत होते : २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन एक-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. एका एकराला एवढं. इथे साहेबांचा हात वर गेला.

"मूठ कोणाची?"

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत ज्यांनी अख्खी शाखा रात्री आठपर्यंत बसवून ठेवली, त्यांना 'मूठभर' पचायचं कसं? वक्ते भले होते. म्हणाले, "काका, माती जिवाणूंसाठी. गूळ-बेसन हे त्यांचं खाणं. ते पिंपात आपोआप वाढतात. विरजणाला आपण वजनकाटा लावतो का?" साहेबांनी वहीत लिहिलं : 'माती – विरजणाइतकी. अंदाजे ५० ग्रॅम?'

पुढे सुभाष पाळेकरांचं ते प्रसिद्ध सूत्र आलं : एका देशी गाईवर ३० एकर शेती होते. दुसरा कोणी नुसती मान डोलावेल. साहेबांनी मोबाइलवर हिशेब मांडला. ३० एकर म्हणजे १२०० गुंठे; आपले २०. म्हणजे आपल्याला लागते गाईचा साठावा हिस्सा. यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. वडिलोपार्जित विहिरीत त्यांचा हिस्सा असाच आहे. "गाय सामाईक ठेवली तर चालेल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

चहाच्या वेळी मात्र गोंधळ झाला. स्टॉलवरून साहेबांनी गांडूळखताची पाच किलोची पिशवी घेतली आणि मिरवत येऊन बसले. शेजारच्याने हळूच सांगितलं, "पाळेकरांना गांडूळखत मान्य नाही. ते सेंद्रियवाल्यांचं." शेणाच्या बाजूचे सगळे एकाच पक्षाचे, असं साहेब सकाळपासून धरून चालले होते. पिशवी खुर्चीखाली गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती त्यांनी टाचेने तीनदा आणखी आत सरकवली.

दुपारी प्रमाणपत्राचा विषय निघाला आणि साहेब खुलले. शिक्के, अर्ज, तपासणी हा त्यांचा प्रांत. पीजीएस पद्धत त्यातल्या त्यात स्वस्त. गावातले किमान पाच शेतकरी एकत्र येऊन गट करायचा आणि एकमेकांची शेतं एकमेकांनीच तपासायची. साहेबांचं पेन थांबलं. उताऱ्यावर पाचाहून कितीतरी जास्त नावं आहेत, पण वाटपाच्या दाव्यापासून त्यांतल्या कुठल्याही पाचजणांनी एका पंगतीत पाणीसुद्धा घेतलेलं नाही. आणि आपल्या शेतात युरिया नाही हे लिहून देणार कोण, तर ज्याने कोर्टात आपल्याविरुद्ध साक्ष दिली तो चुलतभाऊ! बँकेत असताना अशा जामीनदारावर यांनी दमडी दिली नसती.

तरी उत्साह ओसरला नव्हता. समारोपाआधी कोपऱ्यात जाऊन त्यांनी गावाकडे जमीन कसणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला. असल्या माणसांचं मला एक कौतुक वाटतं. हातात खुरपं नसलं तरी निर्णय घ्यायला ती कचरत नाहीत.

"हे बघ, या हंगामापासून माझ्या वीस गुंठ्यांत युरिया बंद. जीवामृत सोडायचं."

पलीकडे मोटारीचा आवाज. मग भाऊ म्हणाला, "सोडतो की दादा. ऊस सलग हाय. तुमचं वीस गुंठं कुठनं कुठवर, तेवढी मोजणी आणून दावा."

साहेब परत जागेवर येऊन बसले आणि शेजारच्याला विचारू लागले, मोजणीचा अर्ज हल्ली ऑनलाइन होतो ना, आणि त्याला उतारा किती महिन्यांतला लागतो.