जनसुरक्षेचा मीरारोड प्रयोग

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने 10 जुलै 2025 रोजी आवाजी मतदानाने, म्हणजे डोकी न मोजता 'होय'चा आवाज मोठा वाटला एवढ्याच आधारावर, मंजूर केले. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, जणू या विधेयकाची चाचणी घेण्यासाठीच, मीरारोडला एक मोर्चा निघाला, या योगायोगाकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे अद्याप लक्ष गेलेले दिसत नाही. एरवी मीरा-भाईंदरची आठवण राज्यकर्त्यांना निवडणुकीच्या हंगामात तेवढी होते, त्यामुळे या शहराने कायदेशास्त्राला दिलेले योगदान नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

मराठी बोलण्याच्या वादावरून एका दुकानदाराला झालेली मारहाण, तिच्या निषेधार्थ 3 जुलैला निघालेला व्यापाऱ्यांचा मोर्चा आणि त्याला उत्तर म्हणून 8 जुलैला मनसे, मराठी एकीकरण समिती आदींनी पुकारलेला मोर्चा हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. या दुसऱ्या मोर्चाला पोलिसांनी परवानगी नाकारली आणि मनसे नेते अविनाश जाधव यांना पहाटेच ताब्यात घेतले. अशा कारवाईला प्रतिबंधात्मक कारवाई म्हणतात. गुन्हा घडण्याची वाट न पाहता संभाव्य गुन्हेगाराला आधीच उचलण्याची ही सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 मध्ये पूर्वीपासूनच आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही विशेष विधेयकाची गरज पडत नाही. परवानगी नाकारलीच नव्हती, केवळ मार्गाबाबत मतभेद होता, असे मुख्यमंत्र्यांनी स्पष्ट केले. त्यानंतर लोक जमले, मोर्चा निघाला आणि सकाळी धोक्यात असलेली शांतता दुपारपर्यंत आपोआप सुरक्षित झाली.

विधेयकाच्या मूळ मसुद्यात 'बेकायदेशीर कृत्य' या संज्ञेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आणणारे, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणारे, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या व त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणणारे किंवा आणू पाहणारे, तसेच रस्ते, रेल्वे, हवाई वा जलमार्गाने होणारे दळणवळण विस्कळीत करणारे कृत्य तिच्यात सुखाने मावते. जलमार्ग आणि हवाई मार्ग वगळता उरलेल्या कसोट्यांवर मीरारोडचा मोर्चा किती उतरतो, हे तपासताना अभ्यासकाला एका अडचणीला तोंड द्यावे लागते. पोलिसांच्या भूमिकेवर उघड नाराजी व्यक्त करून त्या मोर्चात सहभागी होण्यासाठी जे सद्गृहस्थ स्वतः रस्त्यावर उतरले, ते राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक होते. रस्त्यावरील दळणवळणाची जबाबदारी ज्यांच्या खात्याकडे, तेच दळणवळण थांबवणाऱ्या गर्दीत, असा दाखला तुलनात्मक शासनशास्त्रात विरळाच. मोर्चेकऱ्यांनी मात्र 'पन्नास खोके, एकदम ओके' अशा, पक्षफुटीसाठी पैसे घेतल्याचा आरोप करणाऱ्या घोषणांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांना काढता पाय घ्यावा लागला, त्यामुळे सरकार या मोर्चात नेमके किती वेळ होते, याविषयी मतभेद संभवतात.

हा कायदा मोर्चांसाठी नाहीच, असे शासनाचे म्हणणे आहे. चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या समितीने, बारा हजारांवर सूचना-हरकती पाहून विधेयकाचा रोख 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम' संघटनांकडे वळवला. त्यामुळे उजव्या बाजूने चालणाऱ्यांनी निर्धास्त असावे. डाव्या बाजूने चालणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे, कारण वाहतुकीचे नियम त्यांना तिकडूनच चालायला लावतात. संघटना बेकायदेशीर आहे हे अधिसूचनेने ठरवायचे सरकारने, आणि एकदा ते ठरले की तिच्या सदस्यत्वासाठी तीन वर्षांपर्यंत आणि बेकायदेशीर कृत्यासाठी सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास, आणि हे गुन्हेही अजामीनपात्र.

विरोधी पक्षांनी या प्रश्नावर दाखवलेला समंजसपणा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरावा. समितीत त्यांचे दिग्गज बसले, पण भिन्नमतपत्रिका, म्हणजे 'आम्हांस हे मान्य नाही' असे लिहून देण्याचा कागद, कोणी जोडला नाही. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो माकपचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी, आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मात्र सर्वांना एकाच वेळी जाग येऊन सभात्याग झाला. हाँगकाँगच्या विधिमंडळाने मार्च 2024 मध्ये आपला सुरक्षा कायदा 89 विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, तेव्हा जगाने नाके मुरडली. परंतु तेथे विरोधकांना आधी निवडणुकीतूनच हद्दपार करावे लागले होते, हा खर्च महाराष्ट्राने वाचवला.

पुढे ऑगस्टमध्ये पनवेलच्या शेतकरी कामगार पक्षाच्या मेळाव्यात मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी या कायद्याखाली अटक करूनच दाखवा, असे आव्हान दिले, तेव्हा हा कायदा त्यांच्यासाठी नाही, अशा आशयाचे उत्तर मुख्यमंत्र्यांकडून आले. कायदा कोणासाठी नाही, हे तोंडी कळवण्याची ही पद्धत सोयीची असली तरी प्रत्येक मोर्चेकऱ्याला असा वैयक्तिक निरोप मिळणे व्यवहारतः कठीण आहे.

मोर्चाला परवानगी नाकारणाऱ्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे आयुक्त मधुकर पांडे यांची मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी बदली झाली आणि निकेत कौशिक यांनी त्यांची जागा घेतली. स्थापित संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या कामात इतक्या तत्परतेने आणि परिणामकारक रीतीने खंड पाडणारी कृती व्याख्येतील कोणत्या उपकलमात बसते, यावर विधिज्ञांनी खल करण्याचे कारण नाही, कारण बदलीचा आदेश काढणारे गृहखाते ही संघटना नाही आणि अधिसूचना काढण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आहे.